जॉबर कुणाचा?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "तुमच्या धंद्याबद्दल लिहा," म्हणाले. मी विचारलं, "का?" ते हसले. मी हसलो नाही. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात माग बंद पडल्याशिवाय कुणी हाक मारली नाही, त्याला कुणी गोड बोलून बोलावलं की मनात पाल चुकचुकतेच. दोन दिवस मी घरात फेऱ्या मारत होतो, ह्यात ह्यांचा काय डाव असेल म्हणून. शेवटी बायको म्हणाली, "अवो, लेख मागत्यात, किडनी न्हाय." मग बसलो लिहायला.

मी जॉबर. सोलापूरच्या अक्कलकोट रोडकडच्या यंत्रमाग कारखान्यांत माझी हयात गेली. सोलापूर सोडलं की हा शब्द लोकांना कळत नाही. अकलूजला एका लग्नात मी जॉबर आहे म्हटल्यावर एका गृहस्थाने पोराचा बायोडाटाच माझ्या खिशात कोंबला होता, "कुठंबी चिकटवा" म्हणून. तेव्हा आधी कामच सांगतो.

मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. आडवा जातो तो बाणा. बाणा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो, आणि प्रत्येक फेरीनंतर फणी पुढे येऊन तो धागा ठोकून बसवते. ही फणी मागाच्या रुंदीइतकी लांब, पोलादी पात्यांची. ताण्याचा एकूण एक धागा तिच्या दातांमधून येतो. विणकर माग चालवतो. माग रुसला, की जॉबरला बोलावणं येतं. तो पिशवी घेऊन येतो, मागाखाली शिरतो, तेलात काळा होऊन बाहेर येतो आणि पुढच्या कारखान्यात जातो. तो कुठल्याच कारखान्याचा कायमचा नसतो.

आणि म्हणूनच त्याच्यावर कुणाचा विश्वास नसतो. मालकाला वाटतं, हा मुद्दाम अर्धवट काम करतो, म्हणजे परत बोलावणं यावं. विणकराला वाटतं, हा मालकाचा कान आहे. एका शेठने तर निघताना माझ्या पिशवीतून माझाच पाना काढून घेतला होता, "हा आमचा दिसतोय" म्हणून. मी तरी कुठे कमी होतो! मी मालकाने दिलेला चहासुद्धा आधी हुंगून प्यायचो. आज एवढा मान कशाला, हे कळल्याशिवाय घोट खाली उतरायचा नाही.

माझी भाची सुनीता अकलूजच्या शाळेत इंग्रजी शिकवते. लेखाचं ऐकून ती म्हणाली, "मामा, त्या शब्दाचं मूळ शोधू या की." दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता जाडजूड कोश घेऊन आली. 'जॉब' म्हणजे म्हणे कामाचा तुकडा. कायमचं काम नव्हे, तेवढ्यापुरतं, हातावेगळं करायचं. त्याच्याही आधी ढेकूळ, गोळा, घास असा काहीतरी अर्थ असावा.

"असावा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे नक्की ठाऊक नाही. मूळ अनिश्चित, असं लिहिलंय."

"एवढं जाड पुस्तक आणि अनिश्चित?"

"मामा, ठाऊक नसलं की नाही म्हणतात ते. हा प्रामाणिकपणा आहे."

मग 'जॉबर' काढलं. किरकोळ कामं करणारा. इथला माल तिथे विकणारा दलाल. आणि एक अर्थ वाचता वाचता ती थांबली. मी म्हटलं, वाच. "सार्वजनिक कामात स्वतःचा खिसा भरणारा." आपल्याकडच्या गिरण्यांत साहेबांनी हाच शब्द मुकादमाला लावला. तो गावाकडून माणसं आणायचा, त्यांना कामाला लावायचा आणि त्यांच्यासाठी जबाबदारही राहायचा. गिरण्या बंद पडल्या, माग छोट्या कारखान्यांत गेले, आणि नाव आमच्या पिशवीला चिकटलं. म्हणजे इंग्रजांनाही हा माणूस नक्की कुणाचा, ते उमगलं नव्हतं. सुनीताने कोश मिटला आणि म्हणाली, "मामा, मनावर घेऊ नका." मी घेतलं. घेतलं म्हणूनच बिरूची गोष्ट सांगतो.

बिरू सांगोल्याकडचा, माझ्या मेव्हण्याच्या गावचा. घरी मेंढरं होती, पण एका दुष्काळात टँकरची वाट बघून बघून तो कंटाळला आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मामा, कुटंबी लावा, पन कामाला लावा." मी त्याला नरसय्या शेठच्या कारखान्यात नेलं. जुन्या गिरणीतल्या जॉबरासारखा मीही शब्द टाकला, की माणूस माझा आहे. पोरगं हाताचं चलाख निघालं. दोन-तीन वर्षांत शेठने त्याला मानाच्या मागावर उभं केलं.

हा मानाचा माग म्हणजे शेठच्या वडलांनी घेतलेला पहिला माग. दारातून आत शिरलं की समोरच. थोरले शेठ तेलुगू विणकर घरातले, हातमागावरून यंत्रमागावर आलेले. घरात त्यांना नायना, म्हणजे बाबा, म्हणायचे, मग कारखानाही नायना म्हणू लागला. बिरू त्या मागावर आला त्याच सुमारास ते गेले, आणि तेव्हापासून शेठ त्या मागाला फार जपायचे. बाकीच्या मागांकडे ते मालकासारखे बघायचे, ह्याच्याकडे मुलासारखे. ह्या मागावर चादरी निघायच्या, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला शेठ त्याच चादरी काढायचे.

एक दिवस बोलावणं आलं. शेठने चादर उजेडात धरली. मधोमध उभी रेघ. जवळजवळचे धागे तुटलेले, नखाने ओरखडल्यासारखे.

"ब्लेड," शेठ म्हणाले.

"कुणी मारलं?"

"तू आणलेला माणूस हाय, तूच सांग. गावच्या जत्रेला सुट्टी मागितली, मी न्हाय म्हटलं. तवापासून तोंड फुगवून बसलाय."

मी भिंग लावून बघितलं. ब्लेडने कापलेला धागा सरळ तुटतो. ह्या धाग्यांची टोकं पिंजारलेली होती. म्हटलं, "शेठ, हे कापलेलं न्हाय. घासून तुटलंय."

"म्हंजे मागात दोष हाय?"

इथे माझी जीभ अडली. कारण मागात दोष म्हणजे माझा दोष. माणसाचा म्हणावं तर बिरू जाणार, आणि नुसता जाणार नाही. ब्लेड मारणारा विणकर हे नाव एकदा चिकटलं, की सोलापुरात त्याला कुणी दारात उभं करत नाही. एका कारखान्यातली गोष्ट संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कारखान्यात पोचते. बरं, मागाचा दोष म्हणावं, तर शेठ म्हणणार, स्वतःचा माणूस वाचवतोय. मी म्हटलं, "बघतो," आणि मागाखाली शिरलो.

सगळं तपासलं. धोटा हाताने फिरवून बघितला, ताणा थोडा सैल केला, जिथे घासेल असं वाटलं ते सगळं नीट केलं. चार दिवसांत रेघ थांबली. मी कॉलर ताठ करून गावभर फिरलो.

पुढच्या महिन्यात रेघ परत आली. परत मी गेलो, परत खटपट केली, परत थांबली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आता मात्र शेठचा तोल गेला. कारखान्यात शिरताना विणकरांनी दारात खिसे उलटे करून दाखवायचे, असा हुकूम निघाला. हुकूम सगळ्यांना होता, पण बघायचे सगळे बिरूच्याच खिशाकडे. धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकासुद्धा हात थांबवून बघायच्या. बालामणीअक्का म्हणून एक वयस्क बाई त्यांच्यात होत्या. त्या तेवढ्या मान खाली घालायच्या.

मी बिरूला चहाच्या टपरीवर गाठलं. "खरं सांग, काय करतोस तू मागाला?"

त्याने कप खाली ठेवला. "मी? मामा, रेघ आली की तुमी येता, आन तुमी गेल्यावर थांबती. मग तुमी काय करून जाता, ते सांगा की आदी."

"अरे, मी आणलं तुला हितं!"

"व्हय, आनलं. पन बोलावनं तर तुमालाच येतं न्हवं?"

संताप संताप झाला माझा. रस्त्याने येताना मनातल्या मनात त्याला शंभर शिव्या दिल्या. पण घरी आल्यावर लक्षात आलं, त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. ज्याच्या पोटावर येतं, तो सगळ्यांचे हात बघतो. राग मात्र गेला नाही, तो गेला नाहीच.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यात कांड्यांच्या पोत्यांमागे जाऊन उभा राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, माग थांबले, माणसं डबे घेऊन बाहेर गेली. बिरू एकटा मागे राहिला. इकडे तिकडे बघून फणीवर वाकला. हात हळूहळू चालत होते. मग काहीतरी घाईने खिशात कोंबलं आणि डबा घेऊन निघून गेला. शेठ बरोबर बोलत होते तर!

सांगू की नको, ह्यात तो दिवस गेला. सांगावं तर पोरगं मातीत जाणार. न सांगावं तर शेठची चादर, माझा शब्द, सगळंच जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन कारखान्यात गेलो तो नेमका हजेरीच्या वेळी. बिरू दारात उभा. उजवा खिसा उलटा केला. डावा करेना.

"डावा," शेठ म्हणाले.

"त्यात काय न्हाय शेठ."

"न्हाय तर दाखव की!"

बिरू जागचा हलेना. शेठने स्वतःच हात घातला आणि ओढून बाहेर काढला तो एक तेलकट चिंधा. त्यावर तांबूस डाग. सगळा कारखाना दारात गोळा झाला. बालामणीअक्का "अय्यो देवुडा" म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. शेठला वाटलं, ब्लेड ह्यातच गुंडाळलेलं असणार. त्यांनी चिंधा झटकला, पिळला. काही पडलं नाही.

मी तो त्यांच्या हातून घेऊन उजेडात नेला. बोटाने चोळला. बोट तांबडं झालं.

"शेठ, हा गंज हाय." मग बिरूकडे वळलो. "कुटनं पुसला?"

"फणीवरनं."

"मग सांगायचं न्हाय व्हय रे?"

"कुनाला सांगू?" आता मात्र पोराचा आवाज फुटला. "शेठला सांगावं तर म्हनतील, फणीची निगा ठेवली न्हाईस, जा घरी. तुमाला सांगावं तर... फणीला पानी तुमीच लावत असला तर? मला काय ठाव! रेघ आली की मी आपला तेल लावून पुसत व्हतो रोज, कुनाला न दिसता."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. गंजलेली पाती खरखरीत होत होती, त्यांच्यावर धागे घासून तुटत होते, आणि हा पुसून पुसून ती गुळगुळीत करत होता. म्हणजे रेघ थांबत होती ती ह्याच्या चिंध्याने. माझी खटपट बिनकामाची, आणि ताठ कॉलरही बिनकामाची.

पण फणीला पाणी येतंय कुठून? उन्हाळ्याचे दिवस, छपराचा पत्रा कोरडा ठणठणीत. मी फणीपाशी वाकलो आणि दात न् दात बघत गेलो. मधोमध, जिथे रेघ यायची बरोबर तिथेच, दोन पात्यांच्या बुडाशी एक तपकिरी तंतू अडकला होता. चिमट्याने ओढून काढला. सुताचा नव्हता, राठ होता.

"काय हाय?" शेठनी विचारलं.

माझ्याआधी बालामणीअक्काच बोलून गेल्या. "नारळाची शेंडी हाय की ती!"

बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली. सगळ्यांच्या नजरा शेठकडे वळल्या. कारण अमावस्येला कारखाना बंद ठेवून सगळे माग धुऊनपुसून पूजा होते, नारळ फुटतो, खोबरं-साखर वाटतात, हे सगळ्यांना ठाऊक. आणि नारळ कोण फोडतं, हेही ठाऊक. थोरले शेठ होते तोवर तो उंबऱ्यावर फुटायचा. ते गेल्यापासून नरसय्या शेठ मानाच्या मागाच्या लोखंडी कोपऱ्यावर फोडायचे आणि पाणी स्वतःच्या हाताने फणीवर सोडायचे. त्या दिवशी माग बंदच. ते गोड पाणी तिथेच मुरायचं, दुसऱ्या दिवशी माग सुरू व्हायचा, आणि दोन-चार दिवसांत रेघ. माझं बोलावणं नेहमी तेव्हाच यायचं. प्रसादाचं खोबरं मलाही मिळायचं. ते चघळतच मी मागाखाली शिरायचो, आणि मला कधी काही सुचलं नाही.

मी शेठला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हंजे माझ्या हातानं? दत्तू, तू आपला माणूस वाचवायला माझ्या बापाचा नारळ मधी आणतोस?"

"शेठ, नारळ न्हाय हो. नारळाचं पानी."

"नायनाचे पाय शेवटी धुवायला मिळाले न्हाईत मला. हॉस्पिटलात होते. ते पाणी मी फणीवर सोडतो, तवा कुटं मला..." ते डोळे पुसू लागले. खरं सांगतो, तेव्हा मला शेठची पहिल्यांदा कीव आली. आणि तरीही मनात एक किडा वळवळलाच, की हे रडणं खरं ना? असा माझा स्वभाव.

म्हटलं, "एक अमावस्या मला द्या. नारळ उंबऱ्यावर फोडा, नायनांसारखा. मागाला नुसती हळद-कुंकवाची बोटं लावा. त्याच्यावरबी रेघ आली, तर बिरूला काढा आन त्याच्यामागं मलाबी. कुटल्याच कारखान्यात मग मी तोंड दाखवनार न्हाय."

शेठनी मागाच्या लोखंडी कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. पण तोपर्यंत खिसे बघणार."

त्या अमावस्येनंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. काही ना काही काम काढून रोज कारखान्यात जायचो. मला बिरूची भीती वाटायची, की पोरगं रागाच्या भरात खरंच काही करेल. शेठची वाटायची, की आपलं खरं करायला ते गुपचूप पाणी सोडतील. शेठ माझ्याकडे बघायचे, बिरू शेठकडे, मी दोघांकडे. मधे तो माग बिचारा खडखडत असायचा. बालामणीअक्का एकदा हसून म्हणाल्या, "तिघंबी मागाला सोडून एकमेकालाच विणायला लागलाव की." मला हसू आलं नाही.

चादरी निघत गेल्या. एक निघाली, दुसरी निघाली, ताणा संपत आला. रेघ नाही. शेठनी शेवटची चादर उजेडात धरली, मधोमध तळवा फिरवला, परत फिरवला. मग घडी घालून बिरूच्या हातात दिली. "घरी ने. पांघर," म्हणाले. त्यांच्या तोंडून माफीचा शब्द निघणं कठीण होतं, आणि एवढंही कधी कुणासाठी केलेलं मी बघितलं नव्हतं. खिसे दाखवायचं बंद, असंही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी सुटलो म्हणून मोठा श्वास घेतला. वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी बिरू आला, उंबऱ्याशी थांबला, आणि दोन्ही खिसे उलटे करून उभा राहिला. कुणी सांगितलेलं नसताना.

शेठ गल्ल्यावरून ओरडले, "अरे, बंद केलं न्हवं ते!"

"असू द्या शेठ. उद्या काय निघालं तर परत माज्याच खिशात हात जायचा. त्यापरीस मीच दाखवतो."

रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साधेपणाने बोलला. शेठने एकदा समजावलं, दोनदा दरडावलं, मग सोडून दिलं. हजेरीच्या वेळी ते आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. मी एकदा माझी पिशवी त्याच्या शेजारी उंबऱ्यावर रिकामी केली, पाने, चिमटे सगळं मांडलं. म्हटलं, "बघ, मीबी दाखवतो." तो म्हणाला, "तुमाला कोन इचारतंय मामा," आणि आत गेला.

पुढे सांगोल्याकडे पाणी आलं, भावाने डाळिंब लावलं, आणि बिरू गावी परतला. शेठनी त्याला थांब म्हटलं होतं. त्यानंतर मी कुठल्याच कारखान्यात कुणासाठी शब्द टाकला नाही. लोक आले, मी हात जोडले. मागाची जबाबदारी घेता येते. माणसाबद्दल कुणाच्या मनात काय शिरेल, त्याची घेता येत नाही.

परवाच्या दसऱ्याला दारावर थाप पडली. बिरू. केस पिकायला लागलेत, बरोबर डाळिंबाची पेटी. मला बघून हसला. मी "ये, ये" म्हणत दार पूर्ण उघडलं, तर तो उंबऱ्याबाहेरच थांबला. आपट्याची पानं काढायला त्याने खिशात हात घातला आणि खिसाच उलटा करून बाहेर ओढला. मग दुसराही. दुसऱ्यात काहीच नव्हतं. हाताची सवय, त्याचं त्याला कळलंही नाही. हातात सोनं, दोन्ही बाजूंना पांढरे खिसे लोंबताहेत, आणि हा माझ्या घरात पाय टाकायला परवानगीची वाट बघत उभा.

मी सोनं घेतलं नाही. आधी पुढे झालो आणि माझ्या हाताने त्याचे दोन्ही खिसे आत सारले.